उभे शब्द त्यांचे

१

आमच्या घरात वाटणी ठरलेली आहे. आडवे शब्द माझे, उभे त्यांचे.

'त्यांचे' म्हणजे रमाकांतचे, माझ्या नवऱ्याचे. ते इथे सिल्वासात बांधकाम खात्यात नकाशे काढायचे, मी मराठी शाळेत शिकवायची. दोघंही निवृत्त. पोरगी, धनश्री, नाशिकला. डोकमर्डीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे आणि आम्हा दोघांना व्यसन म्हणाल तर एकच, पेपरातलं गूढ शब्दकोडं.

साधं कोडं नव्हे हं. साधं कोडं विचारतं, 'एक तीर्थक्षेत्र'. त्याला काय डोकं लागतं? गूढ कोडं विचारतं, 'आकाशीय प्रकाशात दडलेलं तीर्थ'. 'आकाशीय' या शब्दाचा आ सोडा, य सोडा, मधे बसलीय काशी. असं एक सुटलं की मला दिवसभर भूक लागत नाही.

पेपर आमच्याकडे उशिरा येतो. मुंबईहून वापी, वापीहून इथे. तोवर खडोलीच्या कंपन्यांच्या बसगाड्या माणसं भरून गेलेल्या असतात, इमारत शांत झालेली असते. मी हॉलमध्ये खिडकीशी टेबलावर बसते. खिडकीपलीकडे गॅलरी, तिथे वेताच्या खुर्चीत हे. मी आडवे शब्द भरून पेपर गजांमधून पलीकडे सरकवते. ते उभे भरतात, पेनानं गजावर दोनदा 'टक टक' करतात आणि पेपर परत सरकवतात. मधे बोलायचं नाही, डोकवायचं नाही. मग मी लाल पेन घेऊन तपासते. बरोबर उत्तराला बरोबरची खूण. शाळा सुटली, पण लाल पेन काही सुटलं नाही. हे चिडवतात, "बाई, चांगले मार्क द्या हो."

त्या दिवशीही टक टक झालं, पेपर आला. मी खुणा करत होते. 'हाच उलटवून प्यावा', दोन अक्षरी. हाच उलटा, चहा. बरोबर. शेवटची खूण करते न करते तोच दारावरची बेल वाजली.

दारात हे. हातात भाजीची पिशवी.

"भेंडी काय कोवळी मिळाली बघ," म्हणाले.

"तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"मघाशीच. तू न्हाणीघरात होतीस, दारातून ओरडून सांगितलं की. ऐकलं नाहीस?"

मी पेपर त्यांच्या नाकासमोर धरला. "मग हे उभे शब्द कोणी भरले?"

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "मीच. अक्षर माझंच आहे ना."

"अहो, पेपर तुम्ही गेल्यावर आला!"

"मग कालचा असेल," म्हणाले आणि भेंडी धुवायला गेले. तारीख त्या दिवशीचीच होती.

२

मी घाबरट बाई नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे मी वर्गातल्या पोरांना शिकवलंय. मी पेपर घेऊन उजेडात बसले आणि नीट पाहिलं.

यांची एक जुनी खोड आहे. नकाशे काढणाऱ्या माणसाला फुकटची रेघ आवडत नाही. कोड्याच्या चौकोनाला वरची रेघ असतेच, तर अक्षराला वेगळी शिरोरेघ कशाला? म्हणून हे अक्षर चौकोनाच्या वरच्या रेघेलाच टांगतात. त्यांचं प्रत्येक अक्षर वर चिकटलेलं आणि खाली थोडी मोकळी जागा, हे मी डोळे मिटूनही ओळखीन.

त्या दिवशीची अक्षरं वळणानं अगदी यांचीच. च चं पोट, ह ची शेपटी, सगळं. पण ती खाली उतरली होती. चौकोनाच्या तळावर पाय टेकून उभी होती, आणि वर डोक्यावर रेघच नव्हती.

गॅलरीत जाऊन पाहिलं. खुर्ची, वाळत टाकलेला टॉवेल, खिडकीखाली कोरफडीची कुंडी. शेजारच्या वरुणच्या गॅलरीतून कोणी हात लांब करील म्हणावं, तर मधे भिंत. वरुण नाशिकचा इंजिनिअर, खडोलीला प्लास्टिकच्या कंपनीत, सकाळीच जातो. मग मी स्वतःला म्हटलं, नलिनीबाई, हे निघण्याआधीच पेपर आला असेल, तुम्ही तो त्यांना दिला असेल, तुम्हीच विसरला असाल. वय काय एकट्या त्यांचं झालंय?

तेवढ्यावर मी मिटवलंही असतं. पण दुपारी झोपून उठल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, ते टाक ना."

"काय टाकू?"

"ते गं." त्यांनी हातानं पेला धरल्यासारखं केलं. "गरम असतं ते. आपण घेतो ते रोज."

मी आधी हसले. मला वाटलं थट्टा चाललीय. मग त्यांचा चेहरा पाहिला. तोंडात शब्द शोधत होते आणि तिथे काही नव्हतं. मी चहा टाकला, त्यांच्यासमोर ठेवला, म्हटलं, "म्हणा, चहा." त्यांनी ओठ हलवले. आवाज आला नाही.

३

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. डोक्याचा फोटो स्वच्छ निघाला. "वयानं होतं असं कधीकधी, शब्द सापडत नाहीत," म्हणाले. "कोडी सोडवताय ना? चालू ठेवा. मेंदूला चालना हवी. ती बंद पडली की माणूस झपाट्यानं खचतो."

म्हणून चालू ठेवलं. बहुतेक दिवशी हेच गॅलरीत असायचे, अक्षरं वर टांगलेली यायची, सगळं सुरळीत. पण मधूनच, हे आत जरा आडवे झालेले असताना, त्यांचं घोरणं मला इकडे ऐकू येत असताना, टेबलावर ठेवलेला पेपर जागेवर नसायचा. पलीकडून टक टक व्हायचं आणि पेपर गजांमधून आत यायचा. मी धावत गॅलरीत जायची. खुर्ची रिकामी. पण वेताच्या खुर्चीतून कोणी नुकतं उठलं की ती थोडा वेळ कुरकुरते ना, तशी कुरकुरत असायची.

'दीन उलटला आणि वाहू लागला.' नदी. त्या संध्याकाळी आम्ही दमणगंगेच्या पुलावर फिरायला गेलो, तर हे खाली बोट दाखवून म्हणाले, "यंदा ह्याला पाणी कमी आहे." मी विचारलं, "कशाला?" तर हातानं नुसतं वाहतं पाणी दाखवलं.

'वार उलटला की शिऱ्याला लागतो.' रवा. तोही गेला.

शब्द नेमके कसे जातात हे मला एका फोनमुळे कळलं. एके दिवशी तळावर उभ्या अक्षरांचं कोडं माझ्यासमोर होतं आणि मी सवयीनं खुणा करत होते. हो, करत होते! मला दोष द्या, पण बरोबर उत्तर समोर दिसलं की माझा हात थांबत नाही. आख्खी हयात त्यातच गेली. तर रव्याला खूण केली आणि धनश्रीचा फोन आला. पुढचे शब्द तसेच राहिले. त्यात 'ताल' होता. रात्री हे टीव्हीवर गाणं ऐकता ऐकता म्हणाले, "तबलजी तालाला पक्का आहे हं." रवा मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी डबा उघडून दाखवला तरी म्हणता येईना.

मी रद्दीतून जुने पेपर काढले. चहा, नदी, रवा. तिन्हीवर माझी लाल खूण. ज्यांना खूण नव्हती ते सगळे शब्द यांच्या तोंडात शाबूत होते.

म्हणजे ते जे कोणी होतं ते नुसतं लिहून ठेवत होतं. मी बरोबर म्हटलं की शब्द जात होता. माझ्या माणसाच्या तोंडातले घास मीच काढून देत होते, तेही शाबासकी देऊन. मी रद्दीच्या ढिगावर बसून रडले आणि रडून झाल्यावर मला भयंकर राग आला.

४

पहिल्यांदा मी लाल पेन कपाटात टाकलं. तर खिडकीच्या गजावर टक टक थांबेना. भाजी चिरताना टक टक, भांडी लावताना टक टक. हे हॉलमध्ये अस्वस्थ होऊन फिरायला लागले.

"अगं, तपासून टाक ना," म्हणाले. "कोणीतरी थांबलंय."

"कोण थांबलंय?"

त्यांनी नुसतं गॅलरीकडे बोट केलं.

मग मी पेपरच बंद केला. आवाज थांबला. पण हे भिंतीकडे बघत बसायला लागले. जेवायला हाक मारली की येत, जेवत, परत जाऊन बसत. न गेलेले शब्दही हळूहळू वापरीनासे झाले. डॉक्टर बोलले होते तसंच.

धनश्री फोनवर रडायला लागली. "आई, हट्ट करू नको. घर बंद कर आणि दोघं इकडे या."

"कशाला? आमच्याच घरातून आम्ही पळायचं?"

"अगं, पळायचं कुठे म्हणतेय मी? बाबांसाठी म्हणतेय."

"बाबांसाठीच इथे राहतेय मी," म्हटलं आणि फोन ठेवला. तिला काय सांगणार होते? आणि नाशिकच्या घराला खिडक्या नाहीत की काय? मी चिपळूणची आहे. घरात साप शिरला तर आमच्यात घर सोडत नाहीत, काठी शोधतात.

दुसऱ्याच दिवशी पेपर पुन्हा सुरू केला. यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं चुकून सणच आलाय. गॅलरीत जाऊन खुर्ची पुसून बसले. पुढे बरेच दिवस अक्षरं वर टांगलेलीच येत राहिली. मी प्रत्येक चौकोन बघून, मगच खूण करायची. मला वाटायला लागलं, कंटाळलं असेल, गेलं असेल.

मग एका रविवारी पेपर उघडला आणि नेहमीसारखे आधी सगळे प्रश्न वाचून काढले. उभ्या शब्दांत एक होता, 'इंग्रजीत निरोप, मग कोणाचा आरंभ, घरात हवीच'. तीन अक्षरी.

मला एक क्षणही लागला नाही. इंग्रजीत निरोप, बाय. कोणाचा आरंभ, को. बायको.

गॅलरीत कोणी नव्हतं. हे दाढी करत होते. तरी वेताची खुर्ची एकदा कुरकुरली.

चहा गेला, मी सोसलं. नदी गेली, रवा गेला. पण हा शब्द गेला तर उद्या हा माणूस माझ्याकडे बघून बोट दाखवणार आणि विचारणार, ही कोण? नाही. हा शब्द माझा आहे. ह्याच्यासाठी मी गाव सोडलं, ह्याच्याबरोबर ह्या परमुलखात संसार मांडला. हा मी कुणाला देणार नाही, मग तो कोणी का असेना.

५

वरुणला सुट्टी होती. त्याला म्हटलं, "काकांना जरा सलूनमध्ये नेऊन आण रे, केस वाढलेत."

"चालो काका," म्हणाला आणि घेऊन गेला. वरुणला तिकडे कंपनीत गुजराती बोलून बोलून हीच सवय लागलीय.

मी दार लावलं. आडवे शब्द सगळे भरले, मन लावून, एकही चूक न करता. पेपर खिडकीत ठेवला आणि खुर्ची अशी वळवली की गॅलरी अख्खी दिसेल. डोकवायचं नाही हा नियम होता. पण नियम माझा आणि माझ्या नवऱ्याचा होता, तिसऱ्याचा नव्हता.

पेपर हलला नाही. मी बघत होते तोवर काहीच झालं नाही. खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होईना, तो किक मारत होता. माझे डोळे क्षणभर तिकडे गेले, आणि पेपर नव्हता.

खुर्ची रिकामी होती. मला ती पूर्ण दिसत होती. तरी पेनाची कागदावरची खरखर ऐकू येत होती, खिडकीखालून. तिथे कोरफडीची कुंडी आहे. तिथे मांजर बसेल एवढी जागा आहे, माणसाला नाही.

टक टक.

हात खालून वर आला. यांचाच हात. मधल्या बोटावर पेनानं पडलेला घट्टा, मनगटावरचा भाजल्याचा डाग. फक्त तो जिथून येत होता तिथे यांचा खांदा असायला जागा नव्हती. पेपर गजांमधून आत आला. सगळी अक्षरं तळावर उभी. बा. य. को.

लाल पेनाचं टोपण निघेना. निघालं. मी 'बायको'वर फुली मारली.

मी आयुष्यात बरोबर उत्तराला फुली मारलेली नाही. मुख्याध्यापकांच्या भाच्याला नापास केलं तेव्हाही नाही, ते उत्तर खरंच चुकलं होतं. ती फुली मारताना दात उपटल्यासारखं झालं मला.

"चूक," मी म्हटलं आणि पेपर परत ढकलला.

मग खरखर. पेपर परत आला. फुलीच्या शेजारी, समासात, पुन्हा तेच. बा. य. को.

"चूक!"

पुन्हा आला. पुन्हा फुली. मग पेपर परत आलाच नाही. खिडकीखालून यांचा आवाज आला.

"बरोबर आहे ना गं?"

मी पेन खाली ठेवलं नाही.

"बघ ना नीट. बरोबर आहे." आणि मग, अगदी दुपारी झोपून उठल्यावर येतो तसा, जरा जड आवाज, "चहा टाक गं."

किती दिवसांत ऐकलं नव्हतं ते मी! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या आवाजात सगळं होतं, यांचं चिडवणं, यांचं लाडात येणं, आमची अख्खी दुपार. एक खूण केली असती तर रोज ऐकायला मिळालं असतं. गॅलरीतून.

"मेल्या," मी म्हटलं, "चोरलेला शब्द मलाच वाढतोस होय? चूक. सगळं चूक. वरपासून खालपर्यंत चूक." मी गजांतून हात घालून पेपर ओढला. पलीकडून कोणीतरी घट्ट धरला होता. मीही सोडला नाही. फाटून निम्मा माझ्या हातात आला आणि त्यावर मी फुल्या मारत सुटले, दिसेल त्या चौकोनावर, कागदाला भोकं पडेपर्यंत. माझे आडवे शब्दसुद्धा सोडले नाहीत.

खरखर थांबली.

६

बेल वाजली. दारात हे, केस बारीक कापलेले, मानेवर पावडर. मागे वरुण, चेहरा पांढरा.

"काकू, आत कोण आलंय?"

"कोणी नाही. का रे?"

"जिन्यात आवाज आला. काकांचा. चहा टाक म्हणत होते." त्यानं यांच्याकडे पाहिलं. "काका तर माझ्याबरोबर होते."

"टीव्ही होता," मी म्हटलं. त्यानं आत पाऊल टाकलं नाही आणि आपल्या घरात जाऊन कडी लावली ती मला ऐकू आली.

मी यांना हॉलमध्ये आणलं, खुर्चीत बसवलं, दोन्ही हात धरले. "अहो. माझ्याकडे बघा. मी कोण?"

ते बघत राहिले. ओठ हलले. थांबले. मला वाटलं संपलं. खरंच वाटलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" म्हणाले. "बायको ना माझी? हे काय विचारणं झालं? आणि तू रडतेस का?"

मी त्यांच्या पावडर लागलेल्या मानेत तोंड खुपसून मोठमोठ्यानं रडले. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि विचारलं, जेवायला काय आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसतो. कोडं सोडवून झालं की माझा वर्ग भरतो. पहिलीचा वर्ग, एकच विद्यार्थी. गेलेले शब्द मी परत आणणार आहे. त्या पोरांना मी शिकवलंय ज्यांच्या घरात मराठीचा गंध नव्हता. वारली बोलणारी, गुजराती बोलणारी, हिंदी बोलणारी, सगळी शिकली. हा तर माझा नवरा आहे.

आज मी त्यांचा पंजा टेबलावर पालथा ठेवला, त्यावर माझा ठेवला.

"न," मी म्हटलं.

"न."

"दी."

त्यांनी घोट गिळला. कपाळावर घाम आला. "दी."

"आता एकत्र म्हणा."

त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी, गॅलरीतून, त्यांच्याच आवाजात, स्वच्छ, एका दमात आलं, "नदी."

त्यांचे डोळे खिडकीकडे वळले. "अगं, ते तिकडे..."

मी त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे फिरवलं. "तिकडे बघायचं नाही. त्याला येतं ते नुसतं पाठांतर. तुम्ही म्हणा."

"न," ते म्हणाले. "न... दी."

गॅलरीतून पुन्हा तेच आलं, जरा वरच्या पट्टीत.

"मोठ्यानं," मी म्हटलं. "त्याच्यापेक्षा मोठ्यानं. हं, म्हणा."